डोळ्यात लावायचं अँटिबायोटिक मलम नेमकं किती दिवस लावायचं

साधे डोळे आले असतील, म्हणजे पिवळसर घट्ट घाण येतेय, सकाळी उठल्यावर पापण्या चिकटून बसतात, डोळा लाल आहे पण फार दुखत नाही आणि दिसतंय नीट, तर डॉक्टरांनी दिलेलं मलम साधारण ५ ते ७ दिवस लावायचं असतं. डोळा पूर्ण साफ दिसायला लागला की त्यानंतर अजून २ दिवस लावायचं आणि बंद करायचं, बहुतेक वेळा हा हिशोब बरोबर बसतो. आणि २-३ दिवसांत काहीच फरक नाही तर तेच मलम पुढे रेटत बसायचं नाही, डोळा दाखवायचा. एवढंच पाहिजे होतं तर हे घ्या, मिळालं. पण माझं ऐका, पुढचं पण वाचा, कारण निम्मी गडबड दिवसांच्या हिशोबात नसतेच, ट्यूब कोणती आहे आणि डोळ्याला नेमकं काय झालंय यात असते.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात मेडिकल चालवतो. पाऊस सुरू झाला की काउंटरवर दिवसातून कितीतरी वेळा एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ, डोळ्याची ट्यूब द्या". कोणाला लावायची, काय होतंय, किती दिवसांपासून होतंय, काही सांगत नाहीत, आणि विचारलं की वैतागतात. श्रावणात कानबाई बसते, म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण असतो, तेव्हा पुण्या-मुंबईहून, सुरतेहून भाऊबंद गावी येतात, एका घरात वीस-पंचवीस माणसं, तोंड पुसायला दोन टॉवेल, आणि त्यात एखाद्या पोराचे डोळे आलेले असले की आठवड्याभरात अख्खी गल्ली लाल डोळ्यांनी फिरते. २०२३ चा पावसाळा तर सगळ्यांना आठवत असेल, जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती, शाळांमध्ये वर्गच्या वर्ग रिकामे.

आता इथे पहिली गोष्ट समजून घ्या. अशी साथ पसरते तेव्हा ती बहुतेक वेळा व्हायरसची असते, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक मलमाचा काडीचा उपयोग नाही, ५ दिवस लावा नाहीतर १५ दिवस लावा. व्हायरसचे डोळे आपले आपण बरे होतात, पण वेळ घेतात, आठवडा तर लागतोच, कधी दोन आणि कधी तीन आठवडे पण. पहिले ४-५ दिवस तर वाढतातच. लोक काय करतात, तिसऱ्या दिवशी ट्यूब बदलतात, पाचव्या दिवशी अजून दुसरी आणतात, आठव्या-दहाव्या दिवशी डोळे बरे होतात आणि शेवटची जी ट्यूब असेल तिचं नाव गावभर होतं, "ही लावा, एका दिवसात आराम". तो आराम ट्यूबचा नव्हता, दिवस भरले होते म्हणून डोळे बरे झाले.

मग ओळखायचं कसं? शंभर टक्के घरी ओळखता येत नाही, पण अंदाज येतो. पाण्यासारखं वाहतंय, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतंय, सोबत सर्दी-घसा-थोडा ताप, कानापुढची गाठ दाबल्यावर दुखते, एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात दोन-तीन दिवसांत गेलं, तर व्हायरसची शक्यता जास्त. दिवसभर पिवळी-हिरवी घट्ट घाण येतेय, पुसली की तासाभरात परत तयार, पापण्या अक्षरशः चिकटतात, तर बॅक्टेरियाची शक्यता जास्त. आणि नुसती खाज, खाज आणि खाज, दोन्ही डोळ्यांना एकदम, चोळल्याशिवाय राहवत नाही, दर वर्षी त्याच सीझनला होतं, तर ती अ‍ॅलर्जी, तिथे पण अँटिबायोटिकचं काम नाही. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत, जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना, एप्रिल-मेच्या धुळीत हे फार होतं आणि बिचारे महिनोन् महिने मलम लावत बसतात.

आता कोणतं मलम किती दिवस, ते सांगतो. सिप्रोफ्लॉक्सासिनचं मलम असेल तर साध्या बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनला पहिले २ दिवस दिवसातून ३ वेळा आणि मग पुढचे ५ दिवस २ वेळा, म्हणजे एकूण ७ दिवस. क्लोरॅम्फेनिकॉल असेल, आपल्याकडे त्याच्या छोट्या छोट्या कॅप्सूल मिळतात ना टोक कापून डोळ्यात पिळायच्या त्या पण आणि ट्यूब पण, तर नुसतं मलमच चालू असेल तेव्हा दिवसातून ३-४ वेळा, आणि दिवसा ड्रॉप चालू असतील तर मलम फक्त रात्री झोपताना, आणि हे साधारण ५ दिवस. ती कॅप्सूल गिळायची नसते हे पण सांगून ठेवतो, कॅप्सूल म्हटलं की म्हातारी माणसं पाण्याचा ग्लास मागतात. एकदा टोक कापलेली कॅप्सूल उरली तरी रात्रीसाठी ठेवायची नाही, टाकून द्यायची. टोब्रामायसिनचं मलम साध्या त्रासाला दिवसातून २-३ वेळा, त्रास जास्त असेल तर डॉक्टर ३-४ तासांनी पण लावायला सांगतात आणि मग कमी करत आणतात. चिठ्ठीवर यापेक्षा वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठीवरचं खरं, कारण डॉक्टरांनी डोळा बघितलाय, मी नाही बघितला.

चिठ्ठीवर दिवस लिहिलेलेच नसतात ही पण एक मोठी अडचण आहे. नुसतं "रात्री लावणे" एवढंच. तर दवाखान्यातून निघायच्या आधी विचारा, डॉक्टर, किती दिवस लावू आणि कधी बंद करू. विचारायला लाजायचं काय त्यात, आपलाच डोळा आहे. राहिलंच विचारायचं तर मेडिकलवाल्याला फोन करून विचारायला सांगा, आम्ही करतो फोन.

लवकर बंद केलं तर आणि उशिरापर्यंत लावलं तर

सगळ्यात जास्त होतं ते हे, दुसऱ्या दिवशी घाण कमी झाली, लाली उतरली, की "आते बरं शे" (आता बरं आहे) म्हणून ट्यूब फेकली कपाटावर. दोन दिवस घाण येत नाही म्हणजे जंतू गेले असं नाही, कमी झालेत एवढंच, आणि बरेचदा चार दिवसांनी परत सुरू होतं. म्हणून डोळा साफ दिसल्यावर पण २ दिवस लावायचं. पण याच्या उलट पण लोक आहेत, ट्यूब ५ ग्रॅमची आहे, पैसे दिलेत, संपेपर्यंत लावणार. डोळ्याला एका वेळी लागतं ते इतकंसं, ती ट्यूब एका माणसाला पाच-सात दिवसांत संपतच नाही, संपायला नकोच आहे. उरलेली टाकून द्यायची, ५०-६० रुपयांचा विचार तिथे करायचा नाही.

उगाच लांबवलं तर काय होतं? एक तर मलमाचीच अ‍ॅलर्जी होते, खास करून नियोमायसिन असलेल्या मलमाची, पापण्या लाल, सुजलेल्या, खाज, कातडी सोललेली, आणि माणसाला वाटतं इन्फेक्शन वाढलं म्हणून तो अजून लावतो, अजून वाढतं. हे चक्र मी बऱ्याच जणांचं बघितलंय आणि खूप वाईट वाटतं, कारण उपाय फक्त मलम बंद करणं असतो. दुसरं, बुबुळाच्या वरच्या नाजूक थराला सततच्या औषधाने त्रास होतो, डोळा कोरडा आणि चुरचुरता राहतो. तिसरं, उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग खरंच गरज पडेल तेव्हा डॉक्टरांच्या हातात काय राहणार. क्लोरॅम्फेनिकॉलचं अजून एक आहे, फार फार क्वचित पण रक्त तयार होण्यावर परिणाम झाल्याचं नोंदलेलं आहे, म्हणून घरात कोणाला रक्ताचा, बोनमॅरोचा आजार असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने पण सांगायचं, कोणतंही मलम असलं तरी.

जुनी माणसं कधी कधी म्हणतात की आमच्या वेळी तर दीड महिना मलम लावायचे. ते खोटं नाही बोलत. तेव्हा खुपऱ्या (ट्रॅकोमा, पापणीच्या आत खरखरीत दाणे येतात तो आजार) असायच्या, आणि खुपऱ्यांना टेट्रासायक्लिनचं १ टक्का मलम दिवसातून २ वेळा असं ६ आठवडे लावायचाच कोर्स आहे. पण तो वेगळा आजार. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न संपल्याचं जाहीर केलं. म्हणून आजीचा दीड महिन्याचा हिशोब नातवाच्या साध्या आलेल्या डोळ्यांना लावू नका.

ट्यूबवर "डेक्सा" लिहिलंय का ते आधी बघा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून थोडं लांबलं तरी वाचा. बाजारात बऱ्याच ट्यूब आणि ड्रॉप अशा मिळतात ज्यात अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड दोन्ही एकत्र असतं. नाव जवळजवळ तेच, खोका जवळजवळ तसाच, मागे एखादं अक्षर किंवा छोटा शब्द जास्त. खोक्यावर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेड्निसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, हायड्रोकॉर्टिसोन, लोटेप्रेडनॉल यातलं काहीही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड. स्टेरॉइडने लाली एका दिवसात उतरते, म्हणून लोकांना ती ट्यूब फार आवडते, "मागच्या वेळची तीच द्या, चांगली होती". पण लाली उतरली म्हणजे रोग गेला नाही. डोळ्यात हर्पिसचा व्हायरस असेल किंवा बुरशीची जखम असेल तर स्टेरॉइडने तो रोग आतल्या आत पसरतो आणि वरून डोळा चांगला दिसत राहतो. महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घातलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, काचबिंदू होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू पण लवकर होतो, तरुण पोरांना होतो. अ‍ॅलर्जीच्या खाजेसाठी शाळकरी पोरांना आईबाप प्रत्येक उन्हाळ्यात हीच ट्यूब लावतात, त्यांना हात जोडून सांगतो, नका करू.

मग स्टेरॉइडवाली कधीच लावायची नाही का? तसं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर देतातच, आणि ती काही आठवडे चालते, हळूहळू कमी करत न्यायची असते, मध्येच एकदम बंद करायची नसते. तिथे दिवस डॉक्टरच ठरवणार. शिबिरात ऑपरेशन झालेल्या आबा-आज्यांच्या बाबतीत मी घरच्यांना हेच सांगतो की चिठ्ठीचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि तारखा कॅलेंडरवर लिहा, भिंतीवरचं कालनिर्णय असतंच ना, त्यावर पेनने खुणा करा. पण ऑपरेशन झाल्यावर उरलेली ती ट्यूब सुनेच्या, नातवाच्या लाल डोळ्याला लावायची नाही, अजिबात नाही.

शेतात डोळ्याला लागलं असेल तर मलमाचे दिवस मोजू नका

आपण शेतीवाले लोक. केळीचं पान फटकन लागतं, ज्वारीचं, मक्याचं पान डोळ्यावर घासतं, गहू-हरभरा काढताना मळणी यंत्राचा भुसा उडतो, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटताना काडी लागते. अशा वेळी डोळा चुरचुरतो, लाल होतो, आणि घरात पडलेली ट्यूब लावली जाते. चार दिवस, सहा दिवस, आठ दिवस. आणि मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागतो तेव्हा माणूस जळगावला पळतो. झाडाच्या पानाने, काडीने, भुशाने जी जखम होते त्यात बुरशी शिरू शकते, आणि बुरशीवर अँटिबायोटिक मलम चालतच नाही, तिला वेगळं औषध लागतं, नॅटामायसिनसारखं, आणि ते कित्येक आठवडे, सुरुवातीला तासातासाला घालावं लागतं. उशीर झाला तर बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं आणि ते मलमाने जात नाही. म्हणून लागलेला डोळा म्हणजे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मुकादम काय म्हणेल, मजुरी बुडेल, हे सगळं मला माहीत आहे, तरी सांगतो. शेतमालक असाल तर तुमच्या मजुराला तुम्हीच गाडीवर बसवून न्या. आणि गावात काही जण डोळ्यातला कचरा जिभेने किंवा पदराच्या टोकाने काढून देतात, त्यांच्याकडे तर जाऊच नका.

फवारणीचं औषध उडालं तर आधी पाणी. मलम नाही, दूध नाही, तूप नाही, नुसतं स्वच्छ पाणी, बोअर चालू करा, नळ लावा, डोळा उघडा धरून निदान १५-२० मिनिटं धुवा आणि मग औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा म्हणजे डॉक्टरांना कळेल काय उडालंय. नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्यांना मिरचीची धूळ जाते, तिथे पण आधी भरपूर पाणी, चोळायचं नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचाच नाही. धुऊन पण तासा-दोन तासांत आग कमी झाली नाही किंवा अंधुक दिसायला लागलं तर दाखवा.

रांजणवाडी, पापणीचा कोंडा आणि तान्हं बाळ

रांजणवाडीला खरं औषध मलम नाही, शेक आहे. स्वच्छ कपडा कोमट पाण्यात बुडवून, पिळून, १० मिनिटं पापणीवर धरायचा, गार झाला की परत बुडवायचा, असं दिवसातून ४-५ वेळा. आठवडाभरात बहुतेक बसते. डॉक्टरांनी सोबत मलम दिलं असेल तर ते सांगतील तेवढे दिवस. फोडायची नाही, पापणीचा केस ओढायचा नाही. पूर्ण पापणी सुजली, सूज गालाकडे पसरायला लागली, ताप आला, तर मग शेकत बसायचं नाही.

पापण्यांच्या मुळाशी कोंडा साचतो, कडा लाल राहतात, हा प्रकार असेल तर मात्र मलमाचे दिवस वाढतात, डॉक्टर काही आठवडे रात्री झोपताना लावायला देतात, आणि ते डोळ्याच्या आत नाही तर पापणीच्या कडेवर, स्वच्छ बोटाने किंवा बडने चोळून लावायचं असतं. त्याआधी शेक आणि कडा साफ करणं हे रोजचं काम. म्हणजे एकाच ट्यूबचे एका माणसाला ७ दिवस आणि दुसऱ्याला महिना असू शकतात, म्हणूनच शेजारणीचा हिशोब आपल्याला लावायचा नाही.

हर्पिससाठी असायक्लोव्हिरचं ३ टक्के मलम येतं, ते अँटिबायोटिक नव्हे. ते दिवसातून ५ वेळा लावतात आणि जखम भरल्यावर पण निदान ३ दिवस चालू ठेवतात. मध्ये सोडायचं नाही, आणि हे डोळ्यांच्या डॉक्टरांशिवाय सुरू पण करायचं नाही.

तान्ह्या बाळाचं सांगतो. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात डोळ्यातून घाण येत असेल, पापण्या सुजल्या असतील, तर घरी काही करत बसू नका, त्याच दिवशी बाळ दाखवा, कारण त्यातले काही जंतू फार झपाट्याने डोळा खराब करतात. बऱ्याच बाळांचा एकच डोळा पाणावतो, थोडी चिपडं येतात पण डोळा पांढराशुभ्र असतो, ती आसवांची नळी बंद असते, तिला डॉक्टर नाकाच्या कडेने मालिश शिकवतात आणि वर्षभरात बहुतेक बाळांची नळी उघडते. त्याला महिनाभर मलम लावायची गरज नसते. आणि काजळ, अंगावरचं दूध, मध, एरंडेल, यातलं काही डोळ्यात घालू नका. माय, आजी, आत्या कितीही म्हटल्या तरी. त्यांची माया खरी आहे, पण बाळाचा डोळा नाजूक आहे.

लावायचं कसं

चुकीचं लावलं तर दिवस बरोबर असून पण उपयोग नाही, म्हणून हे नीट बघा. हात साबणाने धुवायचे. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं, तो बोळा टाकून द्यायचा, दुसऱ्या डोळ्याला दुसरा. घाण तशीच ठेवून वर मलम लावलं तर ते आत पोचतच नाही. मग आरशासमोर नाहीतर खाटेवर आडवं होऊन वर बघायचं, खालची पापणी बोटाने हलकी खाली ओढायची म्हणजे खिशासारखी जागा तयार होते, त्यात साधारण १ सेंटिमीटर लांबीची मलमाची पट्टी सोडायची. ट्यूबचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लागू द्यायचं नाही. डोळा हळूच मिटून एक-दोन मिनिटं तसंच राहायचं, बुबुळ आतल्या आत फिरवायचं, बाहेर आलेलं टिश्यूने टिपायचं. परत हात धुवायचे.

लावल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, घाबरायचं नाही, पण त्या वेळात गाडी चालवायची नाही, विळा-कोयता, कडबा कटर हातात घ्यायचा नाही. म्हणूनच मलम रात्री बरं पडतं. ड्रॉप आणि मलम दोन्ही दिले असतील तर आधी ड्रॉप, मग ५-१० मिनिटं थांबून मलम. उलटं केलं तर तेलकट थरामुळे ड्रॉप आत जात नाही. कोर्स चालू आहे तोवर काजळ, आयलायनर नाही, कॉन्टॅक्ट लेन्स नाही. लेन्स वापरणाऱ्यांचा डोळा लाल झाला, दुखतोय, तर लेन्स काढून सरळ डॉक्टरकडे, मधे मेडिकलवर थांबायचं पण नाही.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर लावा. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दुप्पट लावून काही फायदा नाही.

एका घरात चौघांचे डोळे आले तरी ट्यूब चौघांची वेगळी, टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा रोज बदला. पोराच्या डोळ्यातून घाण किंवा पाणी वाहतंय तोवर शाळेत पाठवू नका.

ट्यूब ठेवायची कुठे

आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या घरात, गाडीच्या डिक्कीत, खिडकीच्या फळीवर ठेवलेली ट्यूब पाण्यासारखी पातळ होते, उघडली की तेल वेगळं आणि औषध वेगळं. अशी ट्यूब वापरू नका. खोक्यावर किती तापमानाखाली ठेवायची ते लिहिलेलं असतं, ते वाचा. फ्रीज असेल तर दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीज नसेल तर डब्यात घालून माठाच्या बाजूला सावलीत, पण पाणी लागणार नाही असं. ट्यूब उघडली त्या दिवसाची तारीख खोक्यावर पेनने लिहा आणि ४ आठवड्यांनी उरलेली टाका, एक्सपायरी दोन वर्षांनंतरची असली तरी. ती एक्सपायरी बंद ट्यूबची असते. मागच्या वर्षीची कपाटातली ट्यूब यंदा लावणं म्हणजे जंतू असलेलंच मलम डोळ्यात घालणं होऊ शकतं.

अजून एक, कातडीची ट्यूब डोळ्यात घालू नका. एकाच नावाने जखमेचं मलम पण येतं आणि डोळ्याचं पण येतं. नुसतं "फक्त बाह्य वापरासाठी" लिहिलेलं असेल आणि डोळ्याचं असं कुठेच लिहिलेलं नसेल तर ते डोळ्यात घालायचं नाही. डोळ्याच्या ट्यूबवर ऑप्थॅल्मिक किंवा आय ऑइंटमेंट असं स्पष्ट असतं आणि टोक बारीक निमुळतं असतं. वाचता येत नसेल तर मेडिकलवर दाखवा, मोबाइलवर फोटो पाठवा, आम्ही सांगतो. आणि खोक्यावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, तेव्हा मेडिकलवाला चिठ्ठी मागतोय म्हणून त्याच्याशी भांडू नका जिभाऊ, तो तुमच्याच डोळ्यासाठी मागतोय.

दिवस न मोजता कधी निघायचं

डोळा नुसता खुपत नाही तर ठणकतोय, उजेड सहन होत नाही, पुसून पण अंधुकच दिसतंय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, काही लागल्यावर लाल झालाय, एकच डोळा लाल आणि सोबत डोकं फुटेल असं दुखतंय, उलट्या होतायत, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, डोळ्याभोवती सूज आणि ताप, यातलं काहीही एक असलं तर मलम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी निघा, रात्र असली तरी. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, आधी त्यांना दाखवता येतं. मोठं काही असलं तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जाताना आतापर्यंत डोळ्यात घातलेल्या सगळ्या ट्यूब, ड्रॉप, अगदी रिकाम्या झालेल्या पण, एका पिशवीत घालून सोबत न्या आणि किती दिवस काय घातलं ते डॉक्टरांना न लपवता सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून काही जण स्टेरॉइडवाली ट्यूब घरीच ठेवून येतात, आणि नेमकी तीच त्यांना बघायची असते.